छप्पर उडतं वाऱ्याने, अडतं कागदावर

२० सप्टेंबर २०१७ च्या सकाळी 'मारिया' हे हरिकेन प्वेर्तो रिकोच्या आग्नेय किनाऱ्यावर, याबुकोआजवळ, ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह धडकलं. हे बेट अमेरिकेच्याच अखत्यारीत आहे, तिथले लोक अमेरिकी नागरिक आहेत. तरी डोंगरातल्या गावांची घरं उभी राहायला वर्षं लागली. ती का लागली, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

'वारा घर ढकलून पाडतो.' बहुतेक वेळा आधी छप्पर जातं, आणि तेही वरच्या बाजूला उचललं जाऊन. छपरावरून सुसाटणारा वारा पत्र्याला वर खेचतो. हा जोर कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी सर्वांत जास्त असतो. एखादी खिडकी फुटली की आत घुसलेला वारा खालूनही रेटा देतो. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. अशा वेळी पत्रा जाड असून भागत नाही, कारण त्याला धरणारा खिळाच उपसून येतो. म्हणून घर पुन्हा बांधताना खरी नजर हवी ती सांध्यांवर. खिळ्यांऐवजी वायसर घातलेले स्क्रू हवेत आणि कडेच्या ओळीत ते जवळजवळ हवेत. वासा भिंतीवरच्या तुळईला जस्ती पट्टीने जखडलेला आणि तुळई खाली पायापर्यंत बांधलेली हवी. यातला एक सांधा कच्चा राहिला तरी बाकीचा खर्च पाण्यात. सगळ्या खर्चात या पट्ट्या किरकोळच, पण घाईच्या मदतीत नेमक्या त्याच विसरल्या जातात.

'सामान पाठवलं की काम झालं.' पाठवलेलं सामान पोहोचायलाही हवं ना! उतुआदो तालुक्यातल्या रिओ आबाहो वस्तीचा पूल वाहून गेला, तेव्हा लोकांनी नदीवर तारेचा दोर ताणला, त्याला दुकानातली सामानाची ढकलगाडी टांगली आणि अन्नपाणी पलीकडे ओढून नेलं. त्याच बेटावर सेइबाच्या धावपट्टीवर पाण्याच्या बाटल्यांचे ढीग वर्षभराने तसेच पडलेले सापडले. पोन्सेतलं न वाटलेल्या मदतीचं गोदाम तर जानेवारी २०२० मध्ये, भूकंपानंतर लोकांच्या नजरेस पडलं आणि मोठा गहजब झाला. सामानाची कमतरता नव्हती. ते शेवटच्या वस्तीपर्यंत नेणारी व्यवस्था नव्हती. उलट आद्हुंतासमध्ये कासा पुएब्लो या स्थानिक संस्थेच्या छतावर आधीपासूनच सौर पॅनेल होते, त्यामुळे वीज गेल्यावर अख्खं गाव तिथे धावलं. साऱ्या बेटावर वीज परतायला जवळपास ११ महिने लागले.

'ताडपत्री लागली, आता घाई नाही.' अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी जवळपास ६० हजार छपरांवर निळी आच्छादनं बसवली. ती जेमतेम महिनाभरासाठी असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये 'फिओना' हे पुढचं हरिकेन आलं तेव्हाही काही घरं तशाच आच्छादनाखाली होती.

'घर ज्याचं, त्याच्याकडे कागद असणारच.' सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीने केलं. प्वेर्तो रिकोत मालमत्तेची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही. बापाने जागा दाखवली, मुलाने घर बांधलं, पिढ्या गेल्या, आणि कागद कुणी केलाच नाही. कोकणात हे कुणाला नवल वाटू नये. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळाने रायगडच्या किनाऱ्यावरची कौलं-पत्रे उडवले, तिथेही सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आणि निम्मे हिस्सेदार मुंबईत, असली घरं काही थोडी नाहीत. 'फेमा' ही अमेरिकेची आपत्ती-मदत यंत्रणा मात्र मालकीचा पुरावा मागत राहिली आणि हजारो अर्ज त्यावरच फेटाळले गेले. शेवटी तिथल्या वकिलांनी स्वयंघोषणेचा एक नमुना तयार केला. २०१८ मध्ये फेमाने तो मान्य केला, पण त्याचा गाजावाजा करायला ती तयार नव्हती. पुराव्याची अट साऱ्या अमेरिकेसाठी सैल झाली ती सप्टेंबर २०२१ मध्ये. मारियाला तेव्हा चार वर्षं होत आली होती.