नवतपा, कूलर आणि नकली नखं

मे महिन्यात लग्नघरी काय काय बिघडतं, याची यादी आम्हा भंडारेकरांना पाठ आहे. दुपारची बिर्याणी रात्रीपर्यंत आंबते, फुलांच्या लड्या काळवंडतात आणि ऐन रुखसतीच्या वेळी लाईन जाते. नखंही बिघडतात, हे मात्र आम्हाला मागच्या उन्हाळ्यात कळलं.

आमची भाची ब्युटी पार्लरचा कोर्स करून घरीच काम करते. खोली पुढची, वर टिनाचं छत. बचत गटातून नऊ हजार उचलून तिनं अ‍ॅक्रेलिक नखांचं सामान आणलं. पहिलं मोठं काम मोहल्ल्यातल्याच एका नवरीचं. निकाहच्या आदल्या दुपारी तीन तास बसून तिनं दहाही नखं लावली. रात्री त्यातली दोन निघाली, सकाळी आणखी तीन. नवरीच्या फुफींनी भरल्या घरात विचारलं, "बेटा, कोर्स केलास की नुसतं सर्टिफिकेट आणलंस?" भाचीनं पैसे परत केले आणि सामानाची पेटी पलंगाखाली ढकलली. आम्ही भेटायला गेलो तर म्हणाली, "खाला, माझ्या हातालाच बरकत नाही. हप्ता कसा भरू ते सांगा."

हाताला बरकत नाही हे आम्हाला पटेना. फेब्रुवारीत हिनंच चुलत बहिणीला लावलेली नखं तीन आठवडे टिकली होती. हात तोच, सामान तेच. बदलला होता तो फक्त मोसम. आम्ही शिकवतो उर्दू आणि मराठी, रसायनशास्त्राशी आमचा संबंध दहावीत संपला. म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं आणि त्यांच्याकडचा भिंतीवरचा थर्मामीटर मागून आणला. दुपारी तीन वाजता त्या खोलीत पारा ३९ वर होता.

अ‍ॅक्रेलिकच्या नखात दोन गोष्टी असतात, एक पावडर आणि एक उग्र वासाचं द्रव. ब्रशनं द्रव उचलायचं, पावडरीत टेकवायचं आणि तयार झालेला थेंब नखावर पसरायचा. दोन्ही एकत्र आले की त्यांचे कण एकमेकांत साखळीसारखे गुंफले जातात आणि लेप कडक होतो. ही युक्ती दाताच्या दवाखान्यातून आली. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या एका दंतवैद्यानं आपलं तुटलेलं नख दातांच्याच मसाल्यानं जोडलं, तिथून हा धंदा वाढला. आणि ही साखळी गुंफली जाण्याचा वेग ठरतो उष्णतेवर. आपल्या दह्याचं पाहा ना, मे महिन्यात विरजण चार तासांत लागतं आणि डिसेंबरात भांडं गोधडीत गुंडाळून ठेवावं लागतं. कारण वेगळं असलं तरी अनुभव तोच.

नखांच्या कामाला साधारण २१ ते २४ अंश मानवतात. ३९ अंशांत द्रव ब्रशवरच उडू लागतं. लेप नखावर नीट बसण्याआधीच आळतो, वरून दिसतो कडक, पण खाली पकड धरलेली नसते. त्यात बोटांना घाम. भाचीनं यावर उपाय म्हणून काय केलं होतं? कूलर अगदी जवळ ओढून घेतला होता! वाळ्याचा कूलर हवा गार करतो तो पाणी मिसळूनच. त्या ओलसर झोतानं नख दमट झालं आणि दमट नखावर अ‍ॅक्रेलिक धरत नाही. थेट पंख्याखाली बसलं तर द्रव आणखी लवकर उडतं. बिचारीनं आराम दिला नवरीला, आणि नखं गेली.

एसी घ्यायची ऐपत नाही. मग तिनं कामाची वेळच बदलली. फज्रनंतर लगेच बसायचं, टिन तापायच्या आत. कूलर रात्री चालवून खोली गार करायची, पण काम सुरू करण्याआधी बंद करून खिडकी उघडायची. द्रवाची बाटली घट्ट बंद करून मडक्याच्या पाण्यात उभी ठेवायची आणि वाटीत थोडं थोडंच घ्यायचं. खिडकी हवीच, कारण उन्हात वाफाही जास्त होतात. स्वस्तातलं, फार झोंबणारं द्रव घेऊच नये. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तक्रारींनंतर शुद्ध मिथाइल मेथाक्रिलेटची नखं बाजारातून काढायला लावली होती. आपल्याकडे बाटलीवरचं लेबल वाचायची सवय कमीच.

वाचक भगिनी विचारतील, वुजूचं काय? बहुतेक उलेमांच्या मते नखावर पाणी पोहोचलं पाहिजे. मेहंदीचा रंग नखात मुरतो, पाणी अडवत नाही; अ‍ॅक्रेलिक मात्र अडवतं आणि ते काढायला अ‍ॅसिटोनमध्ये बोटं बुडवून बसावं लागतं. म्हणून भाची आता ग्राहकाला आधीच स्पष्ट विचारते. ज्यांना नमाज सोडायची नाही, त्यांना ती चिकटपट्टीची तयार नखं देते, वुजू करून लावा आणि पुढच्या वुजूआधी काढा. यात तिला पैसे कमी मिळतात. आम्ही तिला यावर काही बोललो नाही, हे तिचं तिनंच ठरवलं.

थंडीत सगळं उलटं होतं. आमच्याकडे डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो. गारठ्यात लेप लवकर आळत नाही, कधी त्यावर बर्फासारखी नक्षी उमटते आणि नख ठिसूळ होतं. लेप पातळ वाटतो म्हणून पावडर वाढवली तर आणखीच तडकतं. स्कूटीवरून आलेल्या मुलीची बोटं बर्फ झालेली असतात, ती आधी कोमट होऊ द्यावी लागतात. हे ऐकल्यावर भाची म्हणाली, "मग खोलीत शेगडी ठेवते ना!" आम्ही जवळजवळ ओरडलोच. अ‍ॅसिटोनची वाफ ठिणगीसरशी पेट घेते, थंडीतही. शेगडी नाही, उदबत्तीही नाही. दुपारी बारा ते तीन, ऊन आत येतं तेव्हा काम कर, म्हटलं.

थर्मामीटर शाळेला परत गेला. भाचीनं स्वतःचा घेतला आणि आरशाशेजारी टांगला. तिच्या वहीत ग्राहकाच्या नावापुढे आता खोलीचं तापमानही लिहिलेलं असतं. बचत गटाचे तीन हप्ते उरलेत. डिसेंबरच्या पानावर पहिलं बुकिंग त्याच फुफींच्या मुलीचं आहे.