चार्ज कुणाकडे द्यायचा?

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला बदलीचे फारसे भय उरत नाही. अवघड वाटते ते चार्ज देणे. तिजोरीच्या किल्ल्या, रजिस्टरे, शिक्के सारे मोजून पुढच्याच्या हवाली करायचे, त्याची सही घ्यायची आणि मग एस.टी. पकडायची. कागदावर मावते तेवढे देता येते. पण कुठल्या खातेदाराला कोणत्या शब्दांत नाही म्हणायचे, हे कुठल्या रजिस्टरात लिहून देणार? चार्ज घेणारा शेजारी बसून मन लावून बघणारा असला, तर त्यातले थोडे त्याच्याकडे जाते. नाहीतर ते आपल्याबरोबर एस.टी.त बसून निघून येते.

निवृत्तीनंतरच्या वाचनात एका अशा माणसाची गाठ पडली, ज्याच्याकडे अख्ख्या जमातीचा चार्ज होता आणि घ्यायला जमातीतले कुणीच उरले नव्हते.

29 ऑगस्ट 1911 रोजी कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्याच्या आवारात पन्नाशीचा एक माणूस सापडला. उपासमारीने खंगलेला, भेदरलेला. याही या आदिवासी जमातीतला तो शेवटचा. 1849 च्या सुमारास सोन्याच्या हव्यासाने गोऱ्यांची झुंबड त्या मुलखात उडाली, आणि पुढच्या वीसेक वर्षांत याहींच्या कत्तली झाल्या. जे मूठभर वाचले ते डिअर क्रीकच्या दऱ्याखोऱ्यांत सुमारे चाळीस वर्षे लपून राहिले. 1908 साली मोजणीला आलेल्या माणसांना त्यांची लपायची जागा सापडली. त्यांनी तिथले सामानसुमान उचलून नेले. ज्यांचे पोट शिकारीवर, त्यांची हत्यारेच गेली. त्यानंतर त्याची आई गेली, सोबतचेही गेले.

मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला आसरा दिला. आपले नाव आपण उच्चारायचे नाही, हा त्याच्या लोकांचा रिवाज. तो त्याने अखेरपर्यंत पाळला. लोक त्याला ‘इशी’ म्हणू लागले. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस.

संग्रहालयाला लागूनच वैद्यकीय महाविद्यालय होते. तिथले सर्जन सॅक्स्टन पोप 1912 मध्ये इशीकडे आले ते डॉक्टर म्हणून. बसले मात्र शागीर्द म्हणून. शिकायचे होते धनुष्य.

लहानपणी आम्हीही बांबूच्या कांबीची धनुष्ये करायचो. धनुष्य आखूड केले आणि हौसेने कानापर्यंत ओढले की कडकन मोडायचे. तडा पडायचा तो बहुधा बाहेरच्या अंगाला. त्याचे कारण पुष्कळ वर्षांनी कळले. धनुष्य वाकते तेव्हा आपल्याकडची बाजू, म्हणजे त्याचे पोट, दाबले जाते. पलीकडची पाठ ताणली जाते. लाकूड दाब सोसते, पण ताणण्याच्या बाबतीत ते फार हट्टी: शंभर भागांत एखादा भाग ताणले की फाटू लागते. म्हणून नुसत्या लाकडाचे धनुष्य लांब ठेवावे लागते. आणि झुडपातून सरपटत हरणाच्या जवळ जाणाऱ्या शिकाऱ्याला लांब धनुष्य म्हणजे अडचण.

यावर माणसाने काढलेली तोड म्हणजे कंडरा. आपल्या टाचेच्या वर हाताला जी टणक दोरी लागते, ती कंडरा. ती लाकडाच्या कितीतरी पट ताणली जाते आणि पुन्हा जागेवर येते. ती पाठीवर चिकटवली की ताण ती घेते, दाब लाकूड घेते. आशियातल्या कारागिरांनी पुढे पोटाच्या बाजूला शिंगही बसवले. विष्णूच्या शार्ङ्ग धनुष्याचे नाव आले आहे ते शृंगावरूनच.

इशीचे काम सावकाश चाले. जुनिपर या सूचिपर्णी झाडाची फांदी फोडून तिच्या बाहेरच्या अंगाचे लाकूड तो घेई. ते तासून, वाळूच्या दगडावर घासून चपटे करी. टोके तापलेल्या दगडावर वाकवी, बांधून ठेवी आणि लाकूड कोरड्या, अंधाऱ्या जागी मुरायला ठेवी. कधी काही महिने, कधी वर्षे. माप कुठल्या पट्टीचे नव्हे: आडव्या पसरलेल्या हाताच्या पंजापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत. ते साधारण साडेतीन फूट भरे.

मग सामन माशाची कातडी उकळून सरस करायचा. आपल्याकडचे सुतारही पूर्वी सरसाचे भांडे चुलीवर ठेवीत. तो वास ज्यांना आठवतो त्यांना अधिक सांगायला नको. धनुष्याची पाठ खरबरीत करून तिच्यावर सरस लावायचा. हरणाच्या पायातल्या कंडरा दातांनी चावून चावून मऊ करायच्या, तंतू सुटे करायचे आणि एकाचे टोक दुसऱ्यावर चढवीत सगळी पाठ जाडसर मढवायची. वर विलोच्या सालीच्या पट्ट्या घट्ट गुंडाळायच्या. काही दिवसांनी त्या सोडून, पुन्हा सरस देऊन, दगडाने घासून गुळगुळीत करायचे. वाळताना कंडरा आकसते आणि लाकडाला उलट्या अंगाने ओढू बघते. धनुष्याचा जोर त्यातून वाढतो. दोरीसुद्धा कंडरेचीच, चावून पीळ दिलेली.

या धनुष्याला तो ‘मानी’ म्हणे. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ धनुष्य एवढाच. मराठी कानाला मात्र तो शब्द वेगळा ऐकू येतो, त्याला माझा इलाज नाही.

धनुष्य वापरून झाले की तो ते आडवे निजवून ठेवी. उभे ठेवले तर त्याचे काम चालूच राहते, त्याला घाम फुटतो, ते अशक्त होते, असे त्याचे म्हणणे. पोपनी हेही टिपून घेतले. हसून सोडून दिले नाही.

25 मार्च 1916 रोजी इशी क्षयाने वारला. दहनाच्या वेळी त्याच्याबरोबर एक धनुष्य आणि पाच बाण ठेवले होते. पण त्याआधी शवविच्छेदन झाले. ते होऊ नये असे क्रोबरनी न्यूयॉर्कहून लिहिले होते. तरीही मेंदू काढून ठेवला गेला आणि पुढच्या वर्षी खुद्द क्रोबरनीच तो स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला. तो परत यायला 2000 साल उजाडले. मग इशीच्या नात्यातल्या जमातींनी त्याला त्याच्या मुलखात माती दिली. ज्या माणसाने धनुष्यालाही विसावा द्यायला शिकवले, त्याला स्वतःला विसावा मिळायला चौऱ्याऐंशी वर्षे लागली.

पोपनी 1918 मध्ये याहींच्या धनुर्विद्येवर विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला, 1923 मध्ये शिकारीवरचे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाने अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीची हौस पुन्हा जागी केली. स्वतः पोप मात्र यू लाकडाच्या लांब इंग्रजी धनुष्याकडे वळले. 1961 मध्ये अशा शिकाऱ्यांचा जो क्लब निघाला, त्याला नावे मिळाली पोप आणि त्यांचे साथीदार यंग यांची. इशीचे नाव त्यात नाही. असते तरी ते त्याचे खरे नाव नसतेच.

बँकेच्या भाषेत बोलायचे तर ठेव एकाची, खाते दुसऱ्याच्या नावावर. पण पोपना दोष देताना माझी जीभ अडखळते. ऑपरेशने करणारा तो माणूस रोज वेळ काढून इशीपाशी बसला नसता, तर कंडरा चावायची की कुटायची, हेही आज कळले नसते. त्याच्याच टिपणांवरून हौशी माणसे आज घराच्या मागच्या दारी असे धनुष्य करून बघतात. पहिल्या एकदोन वेळा ते मोडते. पोपनी सारे लिहिले. पण लाकूड किती तासायचे हे बोटांना कळायला लागते, आणि ते ज्याच्या बोटांना कळले होते तो मधे एकदा दाखवायला हवा असतो.

आपल्या गल्लीत सरसाचे भांडे चुलीवर ठेवणारा एखादा म्हातारा सुतार अजून असेल. त्याच्याकडे चार्ज मागायला जायचे तर वही न्यावीच. पण आधी त्याच्या शेजारी बसावे.