गाडी दिसली, नंबर कुठाय?

होस्टेलच्या गेटवर कॅमेरा आहे म्हणजे आपण निर्धास्त, असं मलाही वाटायचं. गेल्या डिसेंबरात रात्री दीड वाजता एक कार गेटवरच्या वॉचमन मामांच्या पायाला धडक देऊन पसार झाली. सकाळी रेक्टर सरांच्या केबिनमध्ये फुटेज पाहिलं. काय दिसलं? हेडलाइटचे दोन पांढरे गोळे आणि मध्ये एक पुसट पट्टी! मामांच्या पायाला प्लास्टर आणि गाडीवाला मोकळा.

मग आम्ही चौघे ई अँड टीसीवाले सरांची परवानगी घेऊन कामाला लागलो.

असं का होतं? अंधारात प्रकाश गोळा करायला कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, समजा १/२५ सेकंद. ताशी ३० किमीने जाणारी गाडी तेवढ्यात ३३ सेंमी सरकते. अक्षरं पुसट होणारच! शटर १/१००० केलं तर गाडी सरकते जेमतेम ८ मिमी. पण प्रकाशही ४० पट कमी मिळतो आणि चित्र काळंकुट्ट होतं.

खरी गंमत इथेच आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीच्या झालेल्या हाय सिक्युरिटी नंबरप्लेटवर रिफ्लेक्टिव्ह फिल्म असते. हायवेवरच्या पाट्यांप्रमाणे ती प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवते. म्हणून लेन्सला चिकटून इन्फ्रारेड एलईडी लावले, की काळ्या चित्रातही प्लेट तेवढी लख्ख उठते. थोडक्यात, नंबर हवा असेल तर बाकीचं चित्र दिसण्याचा मोह सोडायचा! माणसं आणि गाडी दिसायला दुसरा कॅमेरा वेगळा लागतो.

आम्ही शिकलो ते असं :

१) अख्खं आवार एका फ्रेममध्ये घेऊ नका. १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात १६ मीटर रस्ता घेतला, तर कारच्या ५०० मिमी प्लेटला ६० पिक्सेल मिळतात. ४ मीटरच घेतला तर २४०.

२) कॅमेरा फार उंच किंवा फार तिरका नको. कोन ३० अंशांच्या आत ठेवा.

३) बाहेर जाणाऱ्या गाडीची मागची प्लेट टिपा. हेडलाइट डोळ्यांत येत नाही.

४) ऑटो एक्स्पोजर बंद करा आणि फोकस रात्रीच जुळवा. दिवसाचा फोकस इन्फ्रारेडमध्ये हलू शकतो.

५) जागा स्पीडब्रेकरजवळची निवडा. गाडी आपोआप हळू होते.

चाचणीला रूममेटची जुनी बाईक घेतली. साहेबांनी ४१४१ चं ‘दादा’ करून प्लेट रंगवून घेतलेली. कॅमेऱ्याला ना दादा दिसला, ना नंबर! शेजारची नवी स्कूटर मात्र पहिल्याच फेरीत वाचता आली. दुसऱ्याच दिवशी दादा नव्या प्लेटचा फॉर्म भरायला बसले.

मामा आता काठी टेकत ड्यूटीवर येतात. त्यांना धडकलेली ती गाडी सापडली नाही, सापडणारही नाही. फुटेजमध्ये जे टिपलंच गेलं नाही, ते नंतर कितीही झूम केलं तरी येत नाही. आपल्या कॉलनीत, सोसायटीत कॅमेरा असेल तर आज रात्रीच एकदा फुटेज उघडून बघा. नंबर वाचता येतोय का?