कोठीचे शास्त्र उलटे वाचताना

धान्याला कीड लागू नये म्हणून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काही गोष्टी पाळल्या जातात. गहू उन्हात कडक वाळवायचा, कोठीत कडुनिंबाचा पाला घालायचा, झाकण घट्ट लावायचे, कोपरे झाडायचे. युरोप-अमेरिकेत पक्षी, मासे, पाली-सरडे पाळणारे लोक नेमके हे सारे उलटे करून एक कीड मुद्दाम वाढवतात. तिचे नाव मीलवर्म.

नावात ‘वर्म’ असले तरी हा जंत नव्हे. एका काळपट भुंगेऱ्याची ही पिवळसर अळी. लिनिअसने १७५८ मध्ये त्याचे नामकरण केले. आजचे नाव टेनेब्रिओ मोलिटर. लॅटिनमध्ये पहिला शब्द अंधारात वावरणाऱ्यासाठी, दुसरा दळणाऱ्यासाठी. गिरणीतल्या अंधाऱ्या, न झाडलेल्या कोपऱ्यात सांडलेल्या पिठावर जगणारा जीव या दोन शब्दांत पुरता सामावतो.

पाळणारा तोच कोपरा डब्यात उभा करतो. गुळगुळीत भिंतींचा पसरट प्लास्टिकचा डबा, कारण त्यावर अळीला चढता येत नाही. तळाशी तीन-चार सेंटिमीटर गव्हाचा कोंडा, वर हवेसाठी जाळी. कोंडा आधी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवतात, म्हणजे त्यातली दुसरी कीड मरते. कीटकनाशक लागलेला कोंडा अर्थातच चालत नाही. पंचवीस ते अठ्ठावीस अंश तापमान मानवते. पस्तिसाच्या पुढे वाढ बिघडते. विदर्भातला मे महिना तिला सोसणारा नाही.

एका बाबतीत मात्र कोठी आणि डबा यांचा नियम एकच राहतो. ओल दोघांनाही घातक. ही अळी कोरड्यात तग धरते. आतड्याच्या शेवटच्या भागातील खास रचनेमुळे ती दमट हवेतली वाफही शोषून घेते. तरी निव्वळ कोऱ्या कोंड्यावर ती सावकाश वाढते. म्हणून गाजराची किंवा बटाट्याची फोड ठेवतात आणि सुकण्या-सडण्याआधी बदलतात. पाण्याची वाटी ठेवली की कोंडा भिजतो, बुरशी व बारीक कोळी येतात आणि वसाहत बसते.

दुसरी अडचण घरातलीच. भुंगेरे स्वतःची अंडी खातात, अळ्या कोष कुरतडतात. म्हणून कोष वेचून वेगळे ठेवावे लागतात. भुंगेऱ्यांना दर आठ-पंधरा दिवसांनी नव्या कोंड्यात हलवले, तर जुन्या कोंड्यातली अंडी वाचतात. अंडी पिठात लपेटलेली, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी. त्यामुळे रिकामा वाटणारा कोंडा फेकायचा नसतो. उबेत अळी काही महिन्यांत अडीच-तीन सेंटिमीटरची होते. शीतकपाटात तिची वाढ मंदावते, म्हणून तयार अळ्या तिथे साठवतात.

सुकवलेल्या अळीच्या वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. कॅल्शियम मात्र फॉस्फरसच्या मानाने फार कमी, म्हणून पक्ष्यांना व सरड्यांना देताना वर कॅल्शियमची भुकटी लावतात. युरोपीय संघाने २०२१ मध्ये वाळवलेली मीलवर्म माणसाचे अन्न म्हणून मान्य केली. त्याबरोबर कोळंबी-खेकड्याची किंवा घरधुळीतल्या कोळ्यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांना जपण्याची सूचनाही आली. डबा चाळताना उडणारी विष्ठेची धूळ दम्याच्या माणसाला त्रासदायक ठरते. नाकाला फडके बांधावे.

या छंदाची खरी कसोटी डब्याबाहेर लागते. अंड्यांनी भरलेला कोंडा खतात टाकला किंवा भुंगेरे मोकळे सोडले, तर पाळलेला जीव पुन्हा कीड होतो आणि त्याचा तोटा शेजाऱ्याच्या गव्हालाही बसतो. टाकायचे ते दोन-तीन दिवस गोठवून मगच टाकावे. डबा धान्याच्या खोलीत ठेवू नये. आणि आपल्या कोठीत पाला, ऊन व घट्ट झाकण पूर्वीसारखेच चालू ठेवावे.