एका मजुराची 3 लाख 67 हजार वर्षं

1901 साली अँड्र्यू कार्नेगीने आपली अमेरिकेतली पोलाद कंपनी विकली, तेव्हा त्याच्या एकट्याच्या वाट्याला सुमारे 22.5 कोटी डॉलर आले. त्याच्या होमस्टेडच्या कारखान्यात 1890च्या दशकात अकुशल मजुराला तासाला सुमारे 14 सेंट मिळत. बारा तासांच्या पाळीचे 1 डॉलर 68 सेंट. आता भागाकार करा. एकही खाडा न करता, एक सेंटही खर्च न करता कार्नेगीएवढी रक्कम साठवायला त्या मजुराला सुमारे 3 लाख 67 हजार वर्षं लागली असती. आधुनिक मानवाचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष सुमारे 3 लाख वर्षांपूर्वीचे आहेत. त्या माणसाने तेव्हापासून रोज भट्टीवर राबायला सुरुवात केली असती, तरी आज साठ हजारांहून अधिक वर्षांचं काम शिल्लक असतं.

हाच कार्नेगी 1886 साली कामगारांच्या युनियनच्या हक्काची बाजू घेऊन लिहीत होता. श्रीमंताची संपत्ती ही समाजाची ठेव आहे, असं त्याने 1889 साली मांडलं. 1892 साली होमस्टेडमध्ये मजुरीकपातीवरून संघर्ष पेटला. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. त्याचा व्यवस्थापक हेन्री फ्रिक याने टाळेबंदी केली आणि पिंकर्टन या खासगी सुरक्षा संस्थेचे 300 रक्षक बोलावले. चकमकीत किमान 10 माणसं मेली, युनियन मोडली.

कार्नेगीने जगभर एकूण 2,509 वाचनालयांसाठी 5.6 कोटी डॉलरहून अधिक दिले. सरासरी एका वाचनालयाला सुमारे 22,400 डॉलर, म्हणजे त्या मजुराची 36 वर्षांची रोजची मजुरी. 1898 साली होमस्टेडलाही वाचनालय मिळालं. पण आठवड्याचे तास 168. सातही दिवस बारा तासांची पाळी करणाऱ्याचे 84 तास कारखान्यात जात, 56 झोपेत. उरले 28, दिवसाला चार. त्यातच जाणं-येणं, जेवणखाण, मुलंबाळं. पुस्तक कधी उघडायचं?

त्या वाचनालयांनी असंख्य लोकांना पुस्तकं दिली, त्यांचं मोल कमी नाही. पण दानाचा आकडा एकाच नावावर एकरकमी लिहिला जातो, म्हणून तो डोळ्यांत भरतो. मजुरीतली कपात हजारो घरांत वाटली जाते. तिची पाटी कुठल्याच इमारतीवर लागत नाही. म्हणून समाजहिताची भाषा करणाऱ्या प्रत्येक धनिकाला देणगीआधी हे विचारायला हवं: तुमच्याकडे सर्वांत कमी मजुरी किती, आणि तेवढ्यासाठी किती तास राबावं लागतं?