इलेक्ट्रॉनीय संगीत व भूमितीय चित्रकला
रेषा, वर्तुळ, बिंदू यांसारख्या आकारांच्या चित्रमांडणीतून स्फुरलेले व इलेक्ट्रॉनीय साधनांनी रचलेले संगीत. यानीस झेनाकिस यांच्या ‘यूपिक’ (१९७७) या संगणकयंत्रणेत तर पटलावर काढलेली रेषाच ध्वनिरूप घेते. महाराष्ट्रात या विचाराच्या सर्वांत जवळ गेले, ते मुंबईचे चित्रकार अकबर पदमसी (१९२८–२०२०). त्यांचा रेषा-बिंदूंचा ‘सिझिजी’ (१९७०) हा सचेतनपट मात्र मूक आहे. त्यानंतरच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’मध्ये त्यांनी आपल्याच तैलचित्रातील आकार प्रकाशाने पडद्यावर उभे केले आणि त्यांस गीता साराभाई (१९२२–२०११) यांच्या इलेक्ट्रॉनीय संगीताची जोड दिली. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ मध्ये बसविलेल्या मोग ध्वनिसंश्लेषकावर त्यांनी काम केले होते. या चित्रपटाची एकमेव प्रत पुढे गहाळ झाली. पदमसींच्या आठवणींवरून आशिम अहलुवालिया यांनी २०१६ मध्ये त्याची पुनर्कल्पना केली.