मक्याच्या कणसातून उलगडणारे स्पॅनिश जग

स्पॅनिश शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीस माद्रिद आणि सर्वांतेस भेटतात. मात्र २० सार्वभौम देशांची अधिकृत भाषा असलेल्या स्पॅनिशचा सांस्कृतिक इतिहास एकट्या स्पेनमध्ये सापडत नाही. मराठी अभ्यासकाला या इतिहासाकडे नेणारी एक वाट वर्ध्याहून निघते. ती आहे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची.

गदर चळवळीतील क्रांतिकारक खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. ही जागा पूर्वी बड्या जमीनदाराची वसाहत होती. १९१० च्या क्रांतीने जमिनीचा प्रश्न ऐरणीवर आणला होता आणि तेथील जुन्या प्रार्थनागृहाच्या भिंतींवर दिएगो रिवेरा जमीन व क्रांतीची चित्रे रंगवत होते. याच रिवेरा यांनी १९२८ मध्ये मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरी वाटून खाणाऱ्यांचे चित्र काढले. त्यात मधोमध बसलेली व्यक्ती म्हणजे खानखोजे.

त्यांचे संशोधन मक्यावर होते. मक्याला स्पॅनिशमध्ये ‘माईस’ म्हणतात, पण हा शब्द स्पेनचा नव्हे. तो कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा. मक्याचा रानटी पूर्वज ‘तेओसिन्ते’. हे नाव अस्तेकांच्या नहुआत्ल भाषेतले असून त्याचा अर्थ साधारणतः ‘देवाचे कणीस’ असा होतो. या रानगवताचा मक्याशी संकर करून खानखोजे यांनी नवे वाण तयार केले. एकाच पिकाच्या नावांत विजेत्यांची भाषा आणि जितांच्या दोन भाषा अशा एकत्र नांदतात. (आपला चिकूही नहुआत्लमधूनच, स्पॅनिशच्या वाटेने आपल्याकडे आला.)

मेक्सिकोने २००३ च्या कायद्याने मूलनिवासी भाषांना स्पॅनिशच्या बरोबरीने राष्ट्रीय भाषांचा दर्जा दिला. त्यामुळे तेथील इतिहास अभ्यासताना स्पॅनिश आवश्यक असली, तरी पुरेशी नाही.

स्वातंत्र्यानंतर खानखोजे भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. चापिंगोत २०२२ मध्ये त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. महाराष्ट्रात त्यांची कथा बहुधा गदरच्या पर्वापाशीच थांबते. पुढची तीन दशके समजून घ्यायची, तर मक्याच्या वाणांवरील त्यांचे स्पॅनिश लेखन मुळातून वाचावे लागेल.